आईचा रकाना

डोंगरातल्या तेरेक-बेल गावच्या दवाखान्यात दिवसभर जिपारचं नाव ऐकू यायचं. "जिपारमध्ये बघ की." "जिपार उघडेना." "आज काय झालंय जिपारला, सकाळपासून लंगडतीये." एकदा बाळंतिणींच्या वॉर्डातली नर्स जिन्यावरून ओरडली, "जिपार मेली!" आणि वीज परत आल्यावर नोंदणीच्या खिडकीवरची कालिचा खालून ओरडली, "उठली गं, उठली! खड्डा खणू नका!" सगळे हसले. खरी जिपार हे सगळं जिन्याखालच्या खोलीत बसून ऐकायची. त्या हाकांमधली एकही तिच्यासाठी नसायची. हाका तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅमला होत्या. त्याला नाव द्यायचं तिला सुचलं नव्हतं, म्हणून लोकांनी तिचंच देऊन टाकलं. मग तिच्यासाठी काही उरलं नाही. तिच्याशीच काम असलं की लोक म्हणायचे, "ती... खालची."

जिपार इथे लागली ती टायपिस्ट म्हणून. तेव्हा आजाऱ्यांची कार्डं लाकडी खणांत असायची आणि हिवाळ्यात उंदीर त्यांत संसार थाटायचे. नारिन शहरातल्या बाजारातून आणलेलं एक जुनं रशियन पुस्तक, दवाखान्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर आणि हट्ट, एवढ्यावर ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. शिकवायला होतंच कोण? आणि खोटं कशाला बोला, तिनं चांगलं केलं. वीज गेली तरी नोंदलेलं काही हरवायचं नाही, आणि घाटातली इंटरनेटची तार बर्फानं तोडली तरी काम अडायचं नाही. उन्हाळ्यात कोणती घरं मेंढ्या घेऊन वर कुरणात जातात हे प्रोग्रॅमला ठाऊक होतं. ती पोरं डोंगर चढायच्या आत त्यांना लस टोचून घ्या, असं तो आठवडाभर आधी सांगायचा. आईच्या घराण्यातले आजार मुलाच्या कार्डात आपोआप उतरायचे. हे तिला सुचलं त्या दिवशी तिनं एकटीनंच स्वतःसाठी खिमा भरलेल्या मांती उकडल्या होत्या. सहा खाल्ल्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी खाल्ल्या.

मार्चमध्ये मोठे डॉक्टर शार्शेन आकेंनी तिला वर बोलावलं. त्यांना सगळेच आके म्हणायचे, वयाला मान म्हणून. प्रांताच्या कचेरीतून निरोप आला होता. एक तयार प्रोग्रॅम आहे, चाळीसेक दवाखान्यांत चालतो. तो घ्या, नाहीतर का घेत नाही ते लिहून कळवा.

"तूच लिही," आके म्हणाले. "मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"माझ्याच प्रोग्रॅमबद्दल मीच लिहू?"

"मग काय मेंढ्यांना विचारू? इथे दुसऱ्या कुणाला कळतं?"

"तेच म्हणते मी."

"काय म्हणतेस?"

"काही नाही," जिपार म्हणाली आणि खाली आली.

आता तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं. ते कुणी मागत नाही, कारण मागायची गरजच नसते. सून बाळंतीण झाली, चाळीस दिवस झाले, की सासू येते आणि मूल उचलून घेऊन जाते. ते मूल आजीला आई म्हणतं, आजोबांना बाबा म्हणतं. ज्यानं जन्माला घातलं तो त्याचा दादा, आणि जिनं जन्म दिला ती वहिनी. यात लपवाछपवी काही नाही. सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त तोंडानं म्हणायचं नसतं. बाहेरचे लोक ही रीत ऐकतात आणि डोळे पुसतात. म्हणतात, काय सुंदर, म्हातारपणाला केवढी काठी! काठी झालीच. काठीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

जिपार तशी काठी होती. म्हातारा-म्हातारी गेली, घर तिच्या नावावर झालं, आणि त्या घरात ती एकटी. लग्न झालं होतं, मोडलं, त्यातही विशेष काही नव्हतं. तिचा दादा, म्हणजे खरा बाप, तीन वर्षांपूर्वी गेला. शोकाच्या तंबूत मुली आत भिंतीकडे तोंड करून बसतात. दादाच्या मुली तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणी, नात्यानं मात्र तिच्या भाच्या. त्या 'बाबा, बाबा' म्हणून आकांत करत होत्या. जिपारला जागा मिळाली दाराजवळ, बहिणींच्या रांगेत. तिनं 'दादा' म्हणून रडायचं होतं. दादा म्हणून किती रडायचं याला आमच्याकडे एक माप आहे आणि बायका ते मोजत असतात. ती मापात रडली.

वहिनी नदीपलीकडे राहायची. सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, म्हणून ती जिपारला 'वन्सं' म्हणायची. पोटच्या पोरीचं नाव त्या बाईनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. आणि दवाखान्यात ते नाव कुणीही, कसंही, जिन्यावरून भिरकावायचं.

तयार प्रोग्रॅम दाखवायला राजधानीतून, बिश्केकहून, इलगिझ नावाचा पोरगेलासा माणूस आला. पहिल्याच वाक्याला तो जिपारला 'एजे' म्हणाला, म्हणजे ताई. तिला हे आवडलं नाही. तिनं ठरवलं होतं की तो उर्मट असेल.

"इंटरनेट गेलं की तुमचं हे मढं पडणार," ती म्हणाली.

"नाही एजे. नेट नसलं तर सगळं स्वतःजवळ ठेवतं. आलं की पाठवतं."

"वीज गेली तर?"

"वीज गेली तर तुमचंही पडतं ना?"

दाराला टेकून ऐकत उभी असलेली कालिचा फिस्सकन हसली. जिपारनं तिच्याकडे पाहिलं तशी ती खिडकीकडे गेली, पण दार उघडं ठेवून.

"कुरणात जाणाऱ्या घरांचं आहे का यात?"

"ते नाही," इलगिझ म्हणाला. "भारी आहे पण. ते तुम्ही मागा, आमच्यातलं कुणीतरी घालेल. बातकेनच्या दवाखान्यातले लोक तर दर आठवड्याला काहीतरी मागतात आणि वर शिव्याही देतात."

"आमच्यातलं कुणीतरी म्हणजे? किती जण आहात?"

"अकरा."

"अकरा," जिपार म्हणाली. मग विचारलं, "दुपारी एकत्र जेवता?"

"अं? हो... जेवतो की. जेवण कमी, भांडणं जास्त. परवा एका बटणाच्या रंगावरून दोघं जण बोलायचे बंद झाले."

तिच्या प्रोग्रॅममधल्या एकाही बटणावरून तिच्याशी कधी कुणी भांडलं नव्हतं. रंग तीच ठरवायची आणि तो आवडायचाही तिलाच.

इलगिझनं नमुन्याचं कार्ड उघडलं. नाव, जन्म, पत्ता, सांभाळणारे, आणि मग लाल चौकटीतला एक रकाना, 'जन्मदाती आई'. त्याखाली तिच्या घराण्यातले आजार.

"हे सोडून पुढे जा," जिपार म्हणाली.

"सोडता येत नाही, एजे. रिकामं ठेवलं तर कार्ड जतनच होत नाही."

"का?"

"का म्हणजे... माझा मोठा भाऊही आजीकडेच वाढला. मला काय सांगता? पण डॉक्टरला रक्त कुणाचं ते कळायला नको?"

"आणि हे विचारणार कोण? खिडकीवर कालिचा बसते. मागे वीस माणसांची रांग. पोराचा हात आजीच्या हातात. कालिचाचा आवाज नदीपार जातो."

"ऐकतेय मी!" बाहेरून कालिचा ओरडली.

"बघ."

इलगिझ हसला, पण जिपार हसली नाही. ती सात वर्षांची असताना तिला गोवर झाला होता. याच खिडकीवर तेव्हाच्या बाईनं कागदी कार्ड भरताना मोठ्यानं विचारलं होतं, "जन्मदातीचं नाव?" रांग गप्प झाली. म्हातारीनं तिचा हात इतका घट्ट दाबला की बोटं पांढरी पडली, आणि म्हातारीनं स्वतःचंच नाव सांगितलं. पुढे जिपारनं कागदी कार्डांवरून प्रोग्रॅम बनवला, तेव्हा कागदावरचा प्रत्येक रकाना इमानदारीनं घेतला. हा एक सोडून. ज्याला मूल आई म्हणतं ती आई. झालं.

तिनं कळवलं, आपलं आहे ते ठेवावं. वीज, तार, कुरण, आणि आपल्या माणसांची झालेली सवय, सगळी कारणं लिहिली आणि तिच्या प्रोग्रॅमपुरती ती सगळी खरी होती. रकान्याचं तेवढं लिहिलं नाही. शार्शेन आकेंनी न वाचता सही केली. कालिचानं खिडकीतच दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली. "आपली जिपार राहिली! त्या बिश्केकवाल्याचं काय ते... उच्चारता तरी येतं का त्याचं नाव?"

एप्रिलच्या सुरुवातीला दातांचा डॉक्टर आला. तो महिन्यातून एकदा यायचा, चुई खोऱ्यातला, इथल्या घरांची त्याला माहिती नव्हती. ताजागुल आपा आपल्या एरमेकला घेऊन आल्या. पोरगं सात वर्षांचं, दाढ किडलेली, गाल सुजलेला. डॉक्टरनं कार्ड पाहिलं. आई ताजागुल, घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार नाही. त्यानं दाढ काढली, कापूस दाबला, पोराला एक फुगा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या गाडीतून पोराला परत आणलं. ओठ पांढरे, उशी लाल. आपांनी ती उशीही सोबत आणली होती, डॉक्टरांना दाखवायला. मुलांच्या डॉक्टर सायकालनं सगळं केलं, रक्त थांबेना. नारिनला नेलं, बिश्केकहून औषध मागवलं. हिमोफिलिया निघाला. जन्मदात्या आईकडून मुलाला येणारा आजार. पोराची जन्मदाती मॉस्कोत एका खानावळीत भांडी घासत होती. सायकालनं तिला फोन केला. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाला असंच व्हायचं. तो असाच गेला."

दुपारी सायकाल जिन्याखाली आली. खुर्ची होती तरी बसली नाही.

"पोरगं वाचेल. औषध वेळेवर पोचलं."

"बरं झालं," जिपार म्हणाली.

"ताजागुल आपा साठीला टेकल्यात. एरमेक सातचा. पन्नाशी उलटल्यावर बाळंतीण झाल्या का त्या?"

"इथे असंच लिहितात. तुलाही माहितीय."

"मला माहितीय गं. त्या दातवाल्याला माहीत नव्हतं. तो कार्डावर विसंबला. कार्डात स्वच्छ लिहिलंय, घराण्यात असा आजार नाही." सायकालचा आवाज चढला. "कुणाच्या घराण्यात, जिपार?"

कितीतरी महिन्यांनी तिला कुणीतरी खरोखर नावानं हाक मारली होती.

वर ओसरीत ताजागुल आपा बाकावर बसल्या होत्या. जिपार जाऊन शेजारी बसली. आपा तिच्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"मी खोटं नाही बोलले गं. माझ्या माहेरी खरंच कुणाला नाही. माझा बाप घोड्यावरून पडला, गुडघा फुटला, चार दिवसांत बरा."

"तुम्ही खोटं नाही बोललात, आपा."

"सून फोनवर रडत होती. म्हणते, मला का नाही विचारलं? आता मी काय सांगू? मला कुणी म्हणालंच नाही, की तिला विचार."

जिपार म्हणाली, "नाही. कुणी म्हणालं नाही."

शार्शेन आके रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी चहा मागवला, नान तिच्यापुढे सरकवला. "तोंड का पाडतेस? एक रकाना घाल आणि संपव. किती वेळ लागेल?"

"एक दुपार."

"मग? तुझं तू घाल, आमचं चालू राहील. तू नसशील तर जिपार चालवणार कोण?"

ते प्रोग्रॅमबद्दल बोलत होते की तिच्याबद्दल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एवढ्या वर्षांत तिला राहा म्हणणारं हे पहिलंच वाक्य होतं आणि ते तिच्या अंगावरून उबेसारखं गेलं. एका दुपारचं काम. मग परत सगळं पहिल्यासारखं. तिनं चहाचा घोट घेतला.

"त्यांचा प्रोग्रॅम घ्या, आके."

"काय?"

"मी लिहून देते. मागचं चुकलं म्हणून."

"अगं, त्यांचा काय चुकत नाही?"

"चुकतो. दर महिन्याला चुकतो. काय काय चुकलं ते इलगिझनं मला स्वतःच दाखवलं, लाजलाही नाही. पण त्यांचा चुकला की चाळीस दवाखाने जाऊन त्यांच्या दारात बोंब मारतात. माझ्या दारात कोण येतं? इतकी वर्षं तो रकाना नव्हता. कुणी एकानं तरी विचारलं का, की बाई, हा रकाना गेला कुठे?"

"आम्हाला काय माहीत असला काही रकाना असतो म्हणून!"

"तेच तर."

"म्हणजे चूक आमची?"

"चूक माझीच. पण मी ती उद्या परत करेन. दुसऱ्या कुठल्या रकान्यात. मला जे नको असेल ते मी गाळेन आणि मला वाटेल की मी लोकांचं भलं करतेय. आणि तुम्ही सगळे म्हणाल, जिपार फार छान चालते."

आके बराच वेळ नान चावत राहिले. शेवटी म्हणाले, "आणि तू काय करशील?"

"खाली बसेन. त्यांच्या चुका काढेन. पगार तोच राहील ना?"

"राहील."

"मग झालं."

कालिचा मात्र चिडली. "वेड लागलंय तुला! माणसं मेल्यावरही नाव राहावं म्हणून दगड उभे करतात, आणि तू जिवंतपणी स्वतःचं पुसतेस?"

"तूच म्हणाली होतीस ना, मेली म्हणून."

"ती नर्स म्हणाली होती. मी उठली म्हणाले होते!" कालिचाचे डोळे भरले. मग तिला त्याचाही राग आला आणि तिनं खिडकी आपटून लावली. बाहेरच्या रांगेनं तिला शिव्या घातल्या.

कार्डं हलवायचं काम सुरू झालं. बरीचशी आपोआप पलीकडे गेली. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलांची मात्र, आईच्या आणि मुलाच्या वयाचा मेळ बसेना म्हणून, लाल होऊन अडली, एकामागून एक. जिपारनं सांगितलं, हे खिडकीवर होणार नाही, माझ्या खोलीत होईल, दार लावून, आणि मीच विचारेन. मुलाला बाहेर कालिचाकडे बसवायचं. कालिचानं त्यासाठी खिशात कुरुत ठेवायला सुरुवात केली, खारट वाळलेल्या दह्याच्या गोळ्या. पोरं त्या चघळत बसायची आणि आत म्हाताऱ्या.

काहींनी सरळ सांगितलं. काही रडल्या. एकीनं पोरीची जन्मदाती कशी दिसायची, कशी हसायची, किती छान शिवायची हे एवढं सांगितलं की जिपारला शेवटी आजारांचं विचारायचं राहूनच गेलं आणि तिला परत बोलवावं लागलं. एक म्हातारी दारातच भडकली, "लाज वाटत नाही? तू स्वतः तशीच वाढलीस! तुझ्या आईनं तुला मांडीवर घेऊन वाढवलं आणि तू आता आमच्या मांड्या तपासतेस?"

"बसा, आपा."

"नाही बसत!"

"मग उभ्यानं सांगा. हे कालिचानं विचारलेलं चाललं असतं का तुम्हाला?"

म्हातारी बसली. "त्या भोंग्यानं? देवा रे."

दवाखान्यात आता नव्या प्रोग्रॅमला सगळे नुसतंच 'ते' म्हणायचे. "ते उघडेना." "त्यात बघ." कुरणांचं जिपारनं मागितलं. बातकेनच्या कुणा बाईनं त्यात खोट काढली, म्हणाली आमच्याकडे लोक वसंतातच वर जातात. जिपारनं तिला लांबलचक उत्तर लिहिलं. त्या बाईनं त्याहून लांब लिहिलं आणि शेवटी, तुम्हाला काहीएक कळत नाही, असं म्हटलं. जिपारनं ते वाक्य दोनदा वाचलं. पण जिन्यावरून आता तिचं नाव येत नव्हतं. ती नसलेल्या हाकांकडे कान लावून बसायची, याची तिलाच लाज वाटायची. घरी जाताना तीच गल्ली, तीच कोळशाची राख, तेच कुलूप.

मे महिन्यात इलगिझचा फोन आला. "एजे, सगळी पोचली. लाल आता एकच राहिलंय."

"कुणाचं?"

तो जरा घुटमळला. "कर्मचाऱ्यांचीही कार्डं आहेत ना त्यात. तुमचं."

"भरते."

"घाई नाही."

वहिनीचं नाव तिला माहीत होतं, ते घालायला काही लागत नव्हतं. उल्कान. खालच्या रकान्यात 'माहिती नाही' लिहिता आलं असतं. तेवढी सोय इलगिझच्या लोकांनी ठेवली होती. तिनं ते लिहिलं नाही. मग पाठीवर शाल टाकली आणि भर दुपारी पूल ओलांडून नदीपलीकडे गेली. दादाच्या वर्षश्राद्धानंतर ती त्या घरी गेली नव्हती.

वहिनी अंगणातल्या चुलीपाशी केस्मेच्या शेवयांसाठी कणीक मळत होती. तिला बघून चटकन उठली, हात ओढणीला पुसले. "अगंबाई, वन्सं! या, या. कुणी गेलं का?"

"नाही वहिनी. कुणी नाही गेलं. सहज आले."

"सहज," वहिनी म्हणाली, जणू हा शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिनं नान पुढे केला. "आधी घास तोडा. बसा."

जिपारनं घास तोडला. काय बोलायचं ते तिनं पुलावर ठरवलं होतं, ते आता तोंडाशी येईना. म्हणून तिनं गेल्या महिन्यात म्हाताऱ्यांना म्हटलेलं वाक्यच म्हटलं. "दवाखान्यात नवा प्रोग्रॅम आलाय. त्याला घराण्यातले आजार लागतात. तुमच्या माहेरी कुणाला काय आहे?"

वहिनीचे हात थांबले. तिनं 'कुणासाठी' असं विचारलं नाही. ती परत कणकेशी बसली.

"वडलांना गलगंड होता. आईला दमा. मोठा भाऊ छातीनं गेला, झोपेतच, पन्नाशीत. मावशीला साखर."

जिपार फोनमध्ये लिहीत गेली. "रक्त न थांबण्याचं?"

"तसलं काही नाही." वहिनी कणीक उलटीपालटी करत राहिली. "मला गुडघ्यांचं आहे. तेही लिहा, लिहायचं असेल तर. हिवाळ्यात उठवत नाही."

"लिहिते."

"तुम्हाला आहे का?"

"डावा. थोडासा."

"डावाच," वहिनी म्हणाली.

चुलीवर पाणी उकळायला लागलं. वहिनीनं झाकण सरकवलं. जिपारनं खाली बघितलं. रकाने भरले होते. चौकट लाल नव्हती. कार्ड जतन झालं होतं आणि फोननं तसं हिरव्या अक्षरांत सांगितलंही होतं. आता उठायला हरकत नव्हती.

"जन्म कसा झाला तेही विचारतंय ते," जिपार म्हणाली.

"होय का? कुणाचा?"

"...ज्याचं कार्ड आहे त्याचा."

वहिनीनं पोळपाटावर पीठ भुरभुरवलं. "पायाळू जन्मलात तुम्ही, वन्सं. पाय आधी. दाईनं घोड्याच्या पट्ट्यानं माझे हात बांधले होते, मी तिला मारायला धावेन म्हणून. सकाळी झालात. बर्फ पडत होतं, पण ऊनही होतं."

"हं."

"लिहिलं?"

"लिहिलं." ती काहीच लिहीत नव्हती. "दूध किती दिवस पाजलं, तेही विचारतंय."

लाटणं फिरत राहिलं. वहिनीच्या मनगटांवर पीठ चढलं होतं. "चाळीस," ती म्हणाली. "मग सासूबाई आल्या. रीतच आहे, त्यात त्यांचं काही नाही. दूध आटायला फार दिवस लागले. कुणी गरम राखेनं शेक म्हणालं, कुणी कोबीची पानं. सगळं केलं."

पुलावरून मेंढ्यांचा कळप येत होता, त्यांचा गलका अंगणापर्यंत आला आणि पुढे गेला. जिपारनं फोनवर अंगठा फिरवला, जणू पुढचा प्रश्न शोधतेय.

"रांगायला कधी लागलं, ते माहीत आहे का?"

"ते मी लांबून पाहिलं. सासूबाईंच्या अंगणात. कुंपणाला टेकून." वहिनीनं लाटलेली पोळी घडी घातली, सुरी घेतली आणि बारीक कापायला लागली. खूप बारीक, खूप सावकाश. "फार चौकस आहे हो तुमचं यंत्र, वन्सं."

"आहे खरं."

"अजून काय विचारतंय?"

"अजून बरंच आहे. पहिला ताप कधी आला, ते. भीती कशाची वाटायची, तेही."

"ते कशाला लागतं दवाखान्याला?"

"काय माहीत. रकाना आहे."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. मग चुलीपाशी सरकून दुसरं पिढं ओढलं आणि स्वतःच्या जवळ ठेवलं.

"इकडे बसा, धूर लागतोय तुम्हाला. विचारू दे त्याला. केस्मे शिजायला वेळ आहे."